फसवून मिळवलेल्या हुकूमनाम्याला आव्हान: कोणत्या दारातून, किती मुदतीत आणि कशाच्या जोरावर

कोर्टाला फसवून मिळवलेला निकाल हा निकालच नव्हे, हे वाक्य आपल्याकडच्या कोर्टांच्या आवारात रोज कुणीतरी कुणालातरी ऐकवत असतं. ते खरं आहे. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा ‘चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ’ हा निकाल आहे. एका सावकाराच्या कारकुनाने मालकासाठी म्हणून कोर्टाच्या लिलावात मिळकत घेतली आणि नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून ती मालकाच्या नावावर सोडली. पुढे ते हक्कसोडपत्र दडवून त्याने त्याच मिळकतीत वाटपाचा दावा लावला आणि प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे हिस्से ठरवणारी कोर्टाची डिक्री, मिळवला. अंतिम हुकूमनाम्याच्या वेळी समोरच्यांना त्या दस्ताचा पत्ता लागला. उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं की आपल्या विरुद्ध जाणारे कागद दाखवायची वादीवर सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं. महत्त्वाचा दस्त दडवणं म्हणजे कोर्टाची फसवणूक, असा निकाल शून्यवत आणि तो कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर उघडा पाडता येतो, असं ठरलं. अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, नोएडातल्या जमिनीच्या मोबदल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २०२२ चा निकाल याच कारणाने मोडीत काढला.

तरीही प्रत्यक्षात फसवणुकीच्या नावाने लावलेले पुष्कळ अर्ज आणि दावे पहिल्याच पायरीवर गळतात. कायदा अपुरा पडतो म्हणून नव्हे. अर्ज चुकीच्या कोर्टात असतो, मुदतीचा हिशोब दिलेला नसतो, किंवा ‘फसवणूक’ हा शब्द वीस वेळा येतो आणि फसवलं कसं ते एकदाही येत नाही. म्हणून क्रमाने जाऊ. उदाहरणादाखल एक नेहमीचं प्रकरण डोळ्यासमोर ठेवा: बहीण लग्न होऊन पुण्यात, जमीन गावाकडे, आणि भावाने वाटपाचा एकतर्फी हुकूमनामा घेऊन सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलेलं.

आधी ठरवा: फसवलं कुणाला?

तुम्हाला फसवलं, एवढं पुरत नाही. कोर्टाला फसवून हुकूमनामा घेतला, हे दाखवावं लागतं. प्रतिवादीचा पत्ता माहीत असून मुद्दाम जुना पत्ता देणं, समन्स पोचवणाऱ्या बेलिफाला हाताशी धरून ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून घेणं, खोट्या सहीचं वकीलपत्र दाखल करणं, तुमच्या जागी दुसरीच बाई कोर्टात उभी करणं, नोंदणीकृत दस्त किंवा आधीचा निकाल दडवणं, वारसांची यादी देताना एक वारस गाळणं: ही खरी फसवणूक. वादी आणि प्रतिवादी आतून एक असून तिसऱ्याला बुडवण्यासाठी लुटुपुटीची लढाई लढले असतील, तर त्याला संगनमत म्हणतात. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ३८ मध्ये, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४४ मध्ये, फसवणूक आणि संगनमत दोन्ही आहेत. कुणी असा निकाल तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला, तर तो असा मिळवलेला आहे हे त्याच कामात दाखवण्याचा हक्क हे कलम देतं.

आता न आवडणारी बाजू. न्यायाधीशाने पुरावा चुकीचा वाचला, तुमच्या वकिलाने तारखा चुकवल्या, किंवा समोरचा साक्षीदार पिंजऱ्यात खोटं बोलला आणि तुम्हाला त्याची उलटतपासणी घ्यायची पुरेपूर संधी होती, तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. तिथे अपील हाच रस्ता. प्रत्येक हरलेला पक्षकार समोरचा खोटं बोलला असंच म्हणतो, आणि तेवढ्यावर निकाल उघडायचे ठरवलं तर एकही दावा कधी संपणार नाही.

मग रोजनामा वाचा

वकिलाकडे जाण्याआधी किंवा त्याच्याबरोबर करायचं पहिलं काम म्हणजे मूळ दाव्याच्या नकला काढणं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा दाव्याच्या क्रमांकाने शोधलं तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि तारखांचा इतिहास मिळतो. जुना दावा तिथे नसेल, तर फेरफार उतारा काढा. हुकूमनाम्यावरून नोंद झाली असेल तर फेरफारात दाव्याचा क्रमांक आणि कोर्ट लिहिलेलं असतं. त्यावरून संबंधित कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नसाल तर कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल. घाई करा, कारण निकाली कामांतले कागद ठरावीक काळानंतर नष्ट केले जातात.

नुसती निकालपत्राची नक्कल घेऊन लोक समाधानी होतात. खरा ऐवज इतर कागदांत असतो. दावा अर्ज, त्यासोबतचं शपथपत्र आणि कागदांची यादी घ्या. समन्सची परत आलेली प्रत आणि बेलिफाचा अहवाल घ्या. जाहीर समन्स निघालं असेल तर त्याचा अर्ज आणि वर्तमानपत्राचं कात्रण, दाखल असेल तर वकीलपत्र, तडजोड असेल तर तडजोड पुरसीस (पक्षकारांचं लेखी निवेदन), सरतपासणीची म्हणजे साक्षीदारांच्या मूळ साक्षीची शपथपत्रं, हे सगळं मागा. आणि संपूर्ण रोजनामा मागा, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत.

रोजनामा म्हणजे कोर्टाने त्या त्या तारखेला लिहून ठेवलेली हकीकत, आणि तो मुद्दाम कुणाला वाचवायला लिहिलेला नसतो. अमुक तारखेला समन्स ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आलं, पुढच्याच तारखेला वादीने नवा पत्ता न देता जाहीर समन्सचा अर्ज दिला, तिसऱ्या तारखेला एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला: ही साखळी तुमच्या शंभर आरोपांपेक्षा जड आहे. बेलिफाचा अहवालही नीट पाहा. समन्स दारावर चिकटवलं असेल तर कुणाच्या समक्ष, घर कुणी दाखवलं, हे त्यात असायला हवं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १७ ची ती अट आहे. बेलिफाने त्यावर शपथपत्र केलेलं नसेल, तर कोर्टाने त्याला शपथेवर तपासायला हवं होतं. तपासलं का, ते रोजनामाच सांगेल.

तारीख: तुम्हाला कळलं कधी?

फसवणुकीला मुदत नसते, हा गैरसमज महागात पडतो. मुदत अधिनियम १९६३ चं कलम १७ एवढंच म्हणतं की फसवणूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळू शकली असती तेव्हापासून, मुदत मोजायची. मुदत त्यानंतर धावतेच. हुकूमनामा रद्द करून मागायचा दावा अनुच्छेद ५९ खाली तीन वर्षांत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज अनुच्छेद १२३ खाली तीस दिवसांत: समन्स रीतसर बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल तर माहिती झाल्यापासून. या शेवटच्या बाबतीत एक मोठी सवलत आहे. जाहीर समन्स किंवा इतर पर्यायी बजावणी ही या मोजणीपुरती रीतसर बजावणी धरली जात नाही, असं त्या अनुच्छेदातच लिहिलं आहे.

म्हणून ‘कळलं’ ती तारीख कागदावर बसवा. तलाठी कार्यालयातून उतारा काढल्याची तारीख, नकलेसाठी अर्ज केल्याची पावती, बँकेने कर्जासाठी सातबारा मागितला ते पत्र. ‘नुकतंच समजलं’ हे शब्द अर्जात नकोत. कोर्ट विचारणार: कुणाकडून, कुठे, कोणत्या दिवशी? समोरचा पक्ष तर विचारणारच, कारण तुम्हाला पाच वर्षांपूर्वीच माहीत होतं एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. गावातल्या एखाद्या लग्नात जमिनीचा विषय निघाला होता, त्याला साक्षीदार आहेत, असा बचाव येऊ शकतो. त्याची तयारी आधीच ठेवा. उशीर झालाच असेल तर अर्जाला आणि अपिलाला कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते. मूळ दाव्याला ती सोय नाही. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मात्र कलम १४ खाली वजा होऊ शकतो.

निकाल मुळातच शून्यवत आहे, तर तो रद्द कशाला करून घ्यायचा, असं काहीजण म्हणतात. वादात हा मुद्दा बरा वाटतो, पण तलाठी, दुय्यम निबंधक आणि बँक यांच्या लेखी तो कागद जिवंत असतो. तो मेलेला आहे हे कोर्टानेच सांगावं लागतं.

दार कोणतं?

इथे सर्वांत जास्त वर्षं वाया जातात. दार हुकूमनाम्याच्या जातीवरून ठरतं.

*एकतर्फी हुकूमनामा, आणि तुम्ही त्यात प्रतिवादी होता.* त्याच कोर्टात आदेश ९ नियम १३ खाली अर्ज. तो दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जातो. समन्स बजावलंच नाही, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं, यापैकी एक सिद्ध झालं की हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा चालतो. नुसती बजावणीतली बारीक चूक मात्र चालत नाही, तुम्हाला तारखेची माहिती होती हे दिसलं तर अर्ज जातो. एकतर्फी हुकूमनाम्यावर अपीलही करता येतं, पण सांभाळून: अपिलाचा निकाल लागला की, ते तुम्ही मागे घेतलेलं नसेल तर, नियम १३ चा अर्ज संपतो. मूळ भांडण समन्सचं असेल तर आधी हा अर्ज. तो फेटाळला तर त्या हुकूमावर अपील आहे. त्याच न-बजावणीवर पुन्हा नवा दावा लावला, तर आधीचा निर्णय आडवा येईल.

*तडजोडीचा हुकूमनामा.* सही तुमची नाही, किंवा कोऱ्या कागदावर घेतली, किंवा वकिलाला तसा अधिकार दिलाच नव्हता. इथे नव्या दाव्याचा मोह टाळा. आदेश २३ नियम ३-अ तो दावा बंद करतो, आणि फसवणुकीमुळे रद्द होण्याजोगी तडजोडही त्या बंदीत येते. ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात अर्ज करायचा. ‘बनवारीलाल विरुद्ध चांदोदेवी’पासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे. दावा लावून काही वर्षं लढायचं आणि मग तो आदेश ७ नियम ११ खाली फेटाळून घ्यायचा, असं पुष्कळांचं होतं.

*लोकअदालतीचा निवाडा.* त्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा आहे, पण अपील नाही आणि दावाही नाही. २००८ च्या ‘जालौर सिंग’ निकालानुसार मर्यादित कारणांवर उच्च न्यायालयात रिट याचिका, एवढाच मार्ग. महाराष्ट्रात म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या पीठाकडे तुमचा जिल्हा येतो तिथे.

*तुम्ही पक्षकारच नव्हता.* वर घेतलेल्या उदाहरणातल्या बहिणीला दाव्यात घेतलंच नसेल, तर तिची बाजू उलट मजबूत आहे. जो दाव्यात नव्हता त्याच्यावर निकाल बंधनकारक नसतो. तिने तो रद्द करून मागण्यात शक्ती घालवण्याऐवजी स्वतःचा वाटपाचा दावा लावावा आणि त्यात ‘अमुक हुकूमनामा वादीवर बंधनकारक नाही’ असा ठराव मागावा. नुसता ठराव मागून ताबा किंवा वाटप मागितलं नाही, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ च्या परंतुकात दावा अडकतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून डावलल्याचं कळल्यापासून हिश्श्याच्या दाव्याला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ११० खाली बारा वर्षं मिळतात. आणखी एक पाहा: २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपाला हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती (मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी) हात लावत नाही, आणि तिथे वाटप म्हणजे नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याचं. म्हणून जुन्या तारखेचा ‘आपसातला’ हुकूमनामा पुढे आला, तर तो कोर्टाच्या दप्तरात खरोखर आहे का, हे आधी तपासा.

*वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र).* एखादा वारस दडवून हे घेतलं असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियमात थेट सोय आहे: प्रमाणपत्रासाठी कलम ३८३, प्रोबेट आणि प्रशासनपत्रासाठी कलम २६३. अर्ज ते देणाऱ्या कोर्टातच. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला रद्द करून मागतानाही त्याच कोर्टाकडे जातात.

*दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, सुरू झाली आहे.* बेलिफ ताबा घ्यायला आला आणि तुम्ही त्रयस्थ असाल, तर त्याच दरखास्तीत आदेश २१ नियम ९७ ते १०१ खाली हरकत घ्या. तुमचा हक्क तिथेच ठरतो, वेगळा दावा चालत नाही. तुम्ही मूळ पक्षकार असाल, तर दरखास्त चालवणारं कोर्ट सहसा हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. तुमचा मुख्य अर्ज वरच्यापैकी योग्य दारात लावून तिथून स्थगिती आणणं बरं.

अर्जात काय लिहायचं

आदेश ६ नियम ४ सांगतो की फसवणुकीचा तपशील तारखांसह द्यावा लागतो. ‘प्रतिवादींनी संगनमताने, कपटाने व खोटेपणाने सदर हुकूमनामा मिळविला आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो दाव्यांत असेल, आणि त्याचं वजन जवळजवळ शून्य. त्याऐवजी असं लिहा:

‘मूळ दाव्यातील वादीने अर्जदाराचा पत्ता माहेरच्या घराचा दिला. अर्जदार लग्नानंतर पुणे येथे राहते, हे वादीस माहीत होते. दाव्यापूर्वी दोनच महिने त्याने अर्जदारास पुण्याच्याच पत्त्यावर हक्कसोडपत्राचा मसुदा पोस्टाने पाठविला. पाकीट यादीसोबत हजर आहे. समन्स निशाणी अमुक वर “राहत नाही” या शेऱ्याने परत आल्यावरही वादीने पुण्याचा पत्ता दिला नाही व जाहीर समन्स मागितले. पत्ता मिळून येत नाही या त्याच्या शपथपत्रावर विसंबून कोर्टाने हुकूम केला.’

कोणी, काय दडवलं, ते त्याला माहीत होतं हे कशावरून, आणि त्यामुळे कोर्टाने काय केलं, हे चारही यात आहे. शेवटचं बहुतेकजण विसरतात. दडवलेल्या गोष्टीचा निकालावर परिणाम झाला नसेल, तर ती गोष्ट कितीही नीच असली तरी हुकूमनामा पडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश लावणार असाल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा आणि फोन सांभाळून ठेवा. खोट्या सहीच्या वादात तुमच्या त्याच काळातल्या सह्या लागतात. बँकेचं नमुना सही कार्ड, जुने नोंदणीकृत दस्त, नोकरीतले कागद जमवा. दहा वर्षांनंतर कोर्टात बसून केलेल्या सहीची तुलना कमजोर ठरते. बेलिफ हयात असेल तर त्याला साक्षीला बोलवा.

तोवर मिळकत हलू देऊ नका

अर्ज दाखल होताच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती आणि मिळकत विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५२ दावा चालू असतानाच्या विक्रीला तुमच्या निकालाशी बांधून ठेवतं. बृहन्मुंबईतल्या मिळकतींना मात्र मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय हे संरक्षण मिळत नाही. हुकूमनाम्यावरून फेरफार अजून मंजूर व्हायचा असेल, तर मंडळ अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

खर्चाची धास्ती असेल तर हे लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं.

फौजदारी बाजू

राग असतो, म्हणून लोक आधी पोलीस ठाणं गाठतात. कोर्टात दिलेल्या खोट्या साक्षीबद्दल पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकत नाहीत. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली, त्याच कोर्टात अर्ज करून चौकशी मागावी लागते. खोटी मागणी कोर्टात करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ चा गुन्हा आणि नसलेल्या रकमेचा हुकूमनामा फसवून घेणं हा कलम २४७ चा. त्यांनाही कोर्टाचीच तक्रार लागते. दस्त कोर्टात येण्याआधीच बाहेर बनावट केला असेल, तर मात्र २००५ च्या ‘इक्बाल सिंग मारवाह’ निकालामुळे पोलिसांकडे सरळ फिर्याद देता येते. माझं मत विचाराल तर दिवाणी अर्ज आणि स्थगिती आधी, फौजदारी नंतर. आरोपीला शिक्षा झाली तरी सातबारा आपोआप दुरुस्त होत नाही.

परदेशातला हुकूमनामा

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नवऱ्याने परस्पर घटस्फोट घेतला आणि बायकोला सांगली-नागपुरात ईमेलने निकालाची प्रत आली, अशी प्रकरणं आता दुर्मीळ नाहीत. तो निकाल रद्द करायला विमानाचं तिकीट काढायची गरज नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ सांगतं की फसवून मिळवलेला परदेशी निकाल भारतात निर्णायक नाही. ‘सत्या विरुद्ध तेजा सिंग’ या १९७५ च्या प्रकरणात नवऱ्याने नेवाडा राज्यात आपण कायमचे रहिवासी आहोत असं भासवून घटस्फोट घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो इथे मानला नाही आणि पत्नीचा पोटगीचा हक्क शाबूत राहिला. १९९१ च्या ‘नरसिंह राव’ निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला, आणि पत्नीने ज्या कोर्टाचा अधिकार स्वखुशीने मान्य केला नाही अशा कोर्टाचा घटस्फोट सहसा इथे चालत नाही.

अशा वेळी पत्नीने इथल्या कुटुंब न्यायालयात, ते नसेल तर जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात, विवाह अजून कायम असल्याचा ठराव आणि पोटगी मागावी. एक पथ्य कटाक्षाने पाळावं: परदेशी कोर्टाची नोटीस आली, तर तिथे गुणदोषांवर उत्तर देऊन बसू नये. उत्तर द्यायचंच तर आधी लेखी कळवावं की या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही, आणि त्या पत्राची प्रत पाठवल्याच्या पुराव्यासह जपून ठेवावी.